बिजलीबाबाची शक्ती आणि शंभराचा बल्ब

शुक्रवारी कारखान्यांतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, म्हणून नारपोलीची अख्खी वस्ती मैदानातल्या मंडपात लोटली होती. लाकडी पाटावर उभ्या असलेल्या बिजलीबाबाने मेन लाइनची उघडी तार उजव्या मनगटातल्या तांब्याच्या कड्याला लावली आणि मुठीत धरली. डाव्या कड्याला बल्बची तार. शंभर वॅटचा बल्ब लख्खकन पेटला. काहींनी हात जोडले, काहींनी तर लोटांगणच घातलं.

"देखो, ये शक्ती है!" बाबा गरजला. "दोनशे तीस व्होल्ट माझ्या छातीतून चाललेत! पुण्यवानाला वीज आईसारखी, पाप्याला नागिणीसारखी! मला शिवू नका, भस्म व्हाल!"

शिवू नका, एवढं मात्र तो अगदी खरं बोलत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ हरी इथल्याच एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्याने लूमला हात लावला आणि तिथेच चिकटला. त्यानंतर मी जेवत होते, शाळेत जात होते, पण आतून पार बधिर झाले होते. रडू येत नव्हतं. हरीची बायको कौसल्या, कोन गावची मुलगी, तीही रडली नव्हती.

त्यात हा बाबा उगवला. लोक कुजबुजू लागले, हरीला विजेने धरलं म्हणजे काहीतरी पाप असणारच. कारखान्याच्या शेठने तर लूमला अर्थिंगची तार जोडायचं सोडून सगळ्या कामगारांच्या हाताला बाबाचे गंडे बांधून घेतले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"विजेने मेलेल्याचा आत्मा तारेत अडकतो," बाबा पुढे म्हणाला. "घरच्या माणसाने ही तार धरावी. वाचला तर मेलेल्याचं पाप धुतलं गेलं! है किसी में हिम्मत?"

कुणाचीच नसते, हा त्याचा गावोगावचा अनुभव. पण माझ्या शेजारून कौसल्या उठली आणि सरळ पाटापाशी जाऊन उभी राहिली.

"मी धरते."

बाबा चपापला. "बेटी, तू गंडा बांध. तेवढं पुरे."

"गंडा नको मला. तार द्या. मी वाचले तर ते पापी न्हाय, हे समद्यांना कळंल. न्हाय वाचले तरी मला काय वाटायचं न्हाय."

भाजी घेऊन येते म्हणावं, तसं ती हे म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतंच, आणि त्याचीच मला भीती वाटली. हरी गेल्यावर मला काही वाटलं ते हेच पहिलं.

"धरने दो! देवी आहे ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी धावत जाऊन मंडपाच्या खांबावरचा मेन स्विच खाली ओढला. बल्ब विझला.

"ओ मास्तरीणबाई, हे काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"बाबांची शक्ती मोजतेय," मी म्हणाले. "आमच्या पुस्तकातही शक्ती आहे. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. बल्बची शक्ती शंभर वॅट, विभवांतर दोनशे तीस व्होल्ट. शंभराला दोनशे तीसने भागा. धारा आली अर्ध्या अँपिअरहून थोडी कमी. आता व्होल्टला त्या धारेने भागा, की बल्बचा रोध निघतो, साधारण पाचशे तीस ओहम. माणसाच्या या हातापासून त्या हातापर्यंतचा रोध हजार ओहम तरी धरा. बल्बच्या वाटेत माणूस घातला, तर एकूण रोध तिप्पट आणि धारा तिसरा हिस्सा. बल्ब जेमतेम लालसर व्हायला हवा, आणि माणूस तेवढ्यानेही मरतो. इथे बल्ब लख्ख पेटला आणि बाबा भाषण करतायत. म्हणजे वीज बाबांच्या अंगातून गेलेलीच नाही."

"किताबी बातें!" बाबा हसला. "शक्तीला गणित लागत नाही!"

"मग सेल लावून बघू."

मी पर्समधून टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब जोडलेल्या दोन तारा काढल्या. त्या प्रयोगशाळेतून घेऊनच आले होते. तारांची टोकं आधी माझ्या दोन हातांत धरली. बल्ब पेटला नाही. पुढे बसलेल्या दामू नावाच्या लूम कामगाराच्या हातांत दिली. नाही पेटला. मग बाबाच्या दोन कड्यांना लावली. बल्ब चटकन पेटला.

"देखा?" बाबा खुलला. "सेलसुद्धा माझी शक्ती ओळखतो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता कडी काढा आणि पुन्हा पेटवा."

"कडी निघत नाहीत. गुरूची आहेत."

कौसल्या अजून तिथेच उभी होती. तिने बाबाच्या कफनीची बाही वर ओढली. कड्याला जोडलेली लाल तार दंडावरून वर गेली होती. तिने ती खेचली तशी पाठीवरून दुसऱ्या बाहीतली तारही हलली.

"अरे, ये तो मोटर का वायर है!" दामू ओरडला आणि सगळा मंडप हसला. बाबा पाटावरून उतरून चपला शोधू लागला.

"वीज या तारेतून जात होती," मी म्हणाले. "कोरड्या पाटामुळे तिला जमिनीकडे वाट नव्हती. कुणी बाबांना शिवलं असतं, तर ती मिळाली असती."

कौसल्याच्या हातात तारेचं टोक तसंच होतं. "वन्सं, मंग ह्यांना कशानं धरलं?"

"लूमला अर्थिंग नव्हतं. तार सोलली होती, वीज लोखंडात उतरली. हरी धुतलेल्या फरशीवर अनवाणी उभा. ओल्या अंगाचा रोध कमी होतो आणि धारा वाढते. एवढंच झालं."

"पाप न्हाय?"

"नाही गं. पापपुण्याने व्होल्ट कमीजास्त होत नाही."

ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. हसणारे उठून जवळ आले. मी त्यांना म्हणाले, "हातातले गंडे सोडा. उद्या लूम चालू करण्याआधी शेठकडे अर्थिंगची तार मागा, सगळे मिळून मागा. आणि मेलेल्या माणसाला पापी म्हणायच्या आधी तो कुठे उभा होता, कशाला शिवला, ते बघत जा. बघायला कुठलीही शक्ती लागत नाही."

मला तेव्हाही रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात फळ्यावर रोध बरोबर विभवांतर भागिले धारा असं लिहिलं, उदाहरणासाठी ओला हात घेतला, आणि पुढचा आकडा लिहिताच येईना. मुलं वाट बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून पुष्कळ वेळ रडले.