कंटिन्यूचं बटण
मी बोलतोय खरा, पण स्वतःच्या शब्दांत पहिल्यांदाच. आजवर माझ्या तोंडात दुसऱ्यांनी घातलेली वाक्यं होती, तीही अर्धवट. मी एक संगणक. भिवंडीत, नूर मोहम्मदांच्या घरी ओटीवर बसलेला.

नूरचाचा साड्यांच्या किनारी आखायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे आणि मागावर तस्सं कापड उतरायचं. मग त्यांची नजर गेली, वर कागदांना वाळवी लागली. म्हणून त्यांच्या लेकीने, सफियाने, हट्टाने मला घरी आणलं. भुगा होत चाललेले ते कागद समोर धरून तिने सगळ्या किनारी माझ्यात भरल्या. चाचांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग एकदा संगणक क्लासचे माधव सर एक फ्लॉपी देऊन गेले. "नवा प्रोग्राम आलाय. ही घालायची नि पुढे पुढे जायचं. एकदम सोप्पंय." चहा प्यायले आणि निघाले. 'सोप्पंय' म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे.

सफियाने दुपारी फ्लॉपी घातली आणि मी अर्ध्यावर अडलो. नव्या प्रोग्रामला जुन्या किनारी वाचता येईनात. पुढे जायचं तर तो त्या पुसूनच जाणार होता. मला हे लख्ख दिसत होतं, पण मला दिलेलं वाक्य एवढंच: 'एरर फोर्टी-वन'. खाली तीन बटणं, अबॉर्ट, रिट्राय, कंटिन्यू: सोडून दे, पुन्हा कर, पुढे जा. त्यातलं कंटिन्यू आधीच उजळलेलं.

तिने रिट्राय दाबलं. पुन्हा तेच. अबॉर्टची तिला भीती वाटली.

"अब्बा, ह्यो थांबला. काय सांगतोय कलत न्हाय."

चाचा दारात बसले होते. "तार तुटली असंल. थांबलेला ठेवू नये पोरी, चालू कर."

भिवंडीत हे प्रत्येकाच्या हातात बसलेलं. सुताची तार तुटली की लूम, म्हणजे माग, थांबतो, गाठ मारायची नि दांडा ओढून चालू करायचा. लूम थांबला तर चूल कशी पेटणार? त्या सवयीत वावगं काहीच नव्हतं, पण माझ्यात सुताची तार नव्हती. 'नको, नको!' मी आतल्या आत ओरडत होतो. तिने कंटिन्यू दाबलं.

थोड्या वेळाने मी 'सक्सेस' म्हणालो. आत एकही किनार उरली नव्हती, आणि कागदांचा तर केव्हाच भुगा झाला होता. माझी मलाच लाज वाटली.

सफियाने अब्बांना सांगितलं नाही. ते रोज म्हणायचे, "कैरीची किनार वाच गं," आणि ती रिकाम्या पडद्यासमोर बसून आठवणीतून वाचायची. लाल, लाल, पांढरी... एके दिवशी अडली.

"मग काली," चाचा हळूच म्हणाले. "मग परत पांढरी. भर त्याच्यात. मला ठावं हाय, बेटा. त्याच दिशी तुझ्या आवाजावरून वलकलं मी."

मग बाप सांगायचा, लेक भरायची. काही किनारी परत आल्या. नारळीची किनार मात्र अर्धीच झाली होती आणि चाचा गेले.

आता मी पिवळा पडलोय, माझ्यावर जुनी ओढणी टाकलेली असते. आम्हाला बोलायला शिकवणाऱ्यांनो, आकडे नकोत. काय पुसलं जाणार आहे, तेवढं सांगू द्या.

कधीमधी सफिया ओढणी काढते, नारळीची ती अर्धी किनार उघडते आणि नुसती बघत बसते. मी तिला विचारतो, 'कंटिन्यू?' दुसरं काही मला विचारताच येत नाही.