पट्टी, पाळी आणि ठकी

परीक्षा सकाळची आणि पाळी आदल्या संध्याकाळी हजर. पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून पलंगावर बसल्या बसल्या तिने जाहीर करून टाकलं, "उद्या मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला जात नाहीये."

"डोकं फिरलंय का?" नवरा म्हणाला. "पुढची तारीख कधी मिळेल देव जाणे. सोमवारपासून तू कामावर. माझी ड्यूटी उजाडायच्या आत. ठकीला पाळणाघरात कोण सोडणार?"

"या दिवसांत माझा हात चालत नाही. विचार तुझ्या बहिणीला."

बहीण, म्हणजे तिची नणंद, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय : पाळीचा तरुण मुलींच्या चपळाईवर काय परिणाम होतो. साधन काय, तर फूटपट्टी. एकीने ती वरून सोडायची, दुसरीने चिमटीत पकडायची. जितकी लवकर पकडली तितका हात चपळ. वर्गातल्या मैत्रिणी पुरेनात म्हणून तिने घरची फुकटातली वहिनी धरली. मैत्रिणींचं कुणाचं काही, कुणाचं काही. कुणी त्या दिवसांत मंद, कुणी उलट तरतरीत, बऱ्याच जणींना काडीचा फरक नाही. वहिनी मात्र हिरा निघाली! पाळीत पट्टी हमखास जमिनीवर, एरवी हमखास हातात.

"वहिनी, तुझ्यावर मी वेगळं प्रकरणच लिहिणार," नणंद लाडात येऊन म्हणाली होती. त्या लाडानेच आता घात केला. पट्टी सुटते तर वेळेवर ब्रेक लागेल कशावरून? आणि नेमकं एखादं पोर आडवं आलं तर?

"सोड गं पट्टी, बघू दे याला," ती पलंगाशेजारी बसलेल्या नणंदेला म्हणाली.

नणंदेने पट्टी सोडली. पलंगाच्या पायाशी ठकी रांगत रांगत बापाच्या चपलेपर्यंत पोचली होती आणि चव घ्यायच्या बेतात होती. पट्टी खाडकन फरशीवर.

"बघितलंस?"

नवऱ्याने हात टेकले. "तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी काय ते ठरवा. मी हिला खाली फिरवून आणतो." ठकीला कडेवर घेऊन तो गेला. दार लागलं.

"परत एकदा," नणंद म्हणाली. "पक्कं करायला."

पट्टी सुटली आणि सुटल्या सुटल्या चिमटीत. पुन्हा सोडली. पुन्हा चिमटीत.

नणंदेने पट्टी उलटसुलट करून पाहिली. पोट तेच, पिशवी तीच. खोलीत नव्हती ती फक्त ठकी.

"वहिनी, एरवी आपण पट्टी कुठे करायचो?"

"जेवणाच्या टेबलापाशी. तो ठकीला फिरायला नेतो तेव्हा."

"आणि पाळीत?"

"इथेच. मी आडवी झाले की ती माझ्यापासून हलते कुठे? इथेच खाली लुडबुडत..."

"म्हणजे तुझा एक डोळा कायम खाली!" नणंदेने कपाळावर हात मारला. "मी बसलेय तुझी पाळी मोजत आणि मोजली गेली ठकी! गेलं माझं प्रकरण बाराच्या भावात!"

"जाऊ दे की. मग मी उद्या जाऊ?"

"नाही गेलीस तर बघ!"

सकाळी पोट दुखतच होतं. रजा काढून सोबत आलेल्या नवऱ्याला तिने परीक्षेच्या ठिकाणी बजावलं, "हिला घेऊन जरा दिसेनासा हो." शेजारी बसलेले परीक्षक मध्येच "थांबा!" म्हणाले, तेव्हा गाडी अशी जागच्या जागी थांबली की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"बाई, मला पुरतं बोलू तरी द्यायचं होतं," ते म्हणाले आणि पास करून मोकळे झाले.

खरी परीक्षा सोमवारी. मागे बेबी-सीटमध्ये ठकी. पहिल्याच वळणावर तिने भोंगा लावला. मान वळू लागली, ती आईने निम्म्यात आवरली. रडतेय ना, म्हणजे ठणठणीत आहे. मग भोंगा एकाएकी बंद झाला. ते तर त्याहून वाईट. तरी नजर रस्त्यावरच. पुढे सिग्नल लाल झाला, पाय ब्रेकवर गेला, गाडी पुरती थांबली. मगच ती वळली.

ठकी स्वतःचा मोजा चघळत होती.

"चघळ," ती म्हणाली आणि पुन्हा समोर बघू लागली.