नऊ वाघरी आणि भामाबाई

खरं ठाऊक असूनही गप्प राहण्याची पाळी तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. मी सुडोकू बोलतोय, पूनमच्या मोबाईलमधला.

जन्म माझा अमेरिकेतल्या एका कोड्यांच्या मासिकात, हे नाव मिळालं जपानात, आणि आता मुक्काम कुरकुंभजवळच्या एका घरात. नियम साधाच. नऊ आडव्या रांगा, नऊ उभ्या, नऊ चौकोन. प्रत्येकात एक ते नऊ आकडे, एकेकदाच. आकडे कमी दिले की मी अवघड, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पुढचं एक घर भरायला किती शक्यता डोक्यात धराव्या लागतात, त्यावर सोपं, मध्यम, कठीण ठरतं. 'कठीण' या पाटीचा मला फार ताठा होता. आता आठवलं तरी मान खाली जाते.

पूनम मला कंपनीच्या बसमध्ये सोडवायची. एका बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, तिनं सासूला, भामाबाईंना, नियम समजावला. भामाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. आकडे तेवढे ओळखीचे, फोन लावून लावून झालेले. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

"म्हंजी नऊ वाघरी," त्या म्हणाल्या. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "हरेक वाघरीत नऊ मेंढरं."

"आन् मोजत बसायचं, आत्या."

"मोजतंय कोण? नुसतं बघितलं की कळतं, कोण आलं न्हाई ते."

मी मनातल्या मनात हसलो.

पुढच्या बुधवारी पूनम दळणाला गेली. पूनमला चार दिवस न सुटलेला मी चार्जिंगला होतो. भामाबाईंनी मला उचललं. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "हितं सातवी न्हाई. ती हिकडं असणार." एकही आकडा चुकला नाही, एकदाही मदत मागितली नाही. शेवटचं घर भरलं, आणि शाबासकी देण्याऐवजी मी जाहिरात दाखवली. तीस सेकंदांची. माझी रीतच तशी.

नेमकी तेव्हाच पूनम आली, मागोमाग शेजारच्या सिंधूबाई.

"आत्या, कुठंय माझं कोडं?"

"म्या सोडवलं गं."

"सोडवलं कसलं, उडवलंत! हात लावू नका म्हणलं व्हतं ना?"

सिंधूबाई खिदळल्या, "भामे, मोबाईल म्हंजी काय मेंढरू हाय व्हय, धरलं कान आन् आणलं?"

भामाबाईंनी बोटं पदराला पुसली. "न्हाई लावायची परत," एवढंच बोलल्या. मी जाहिरातीमागं खरं धरून बसलो होतो. पूनमनं रागानं मोबाईल बंद केला.

जेवणं झाल्यावर तिनं मला पुन्हा उघडलं. 'कठीण. पूर्ण. चुका शून्य. मदत शून्य.' ती कितीतरी वेळ बघत राहिली. भामाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. माझ्याइतकीच पूनमही शरमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम पहिल्या पाळीला गेली, ती मला नव्या कठीण कोड्यावर उघडून, भामाबाईंच्या चहाशेजारी ठेवून.