काकूंच्या तोंडातली सात वर्षं

मित्रांनो, मी दातांचा एक जुना ब्रिज आहे. शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मी घडलो. काकूंची एक दाढ पडली होती. शेजारच्या दोन दाढांवर बसून मधली रिकामी जागा भरायची, हे माझं काम.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"छे हो, मला काहीही पचतं."

झालं. चिठ्ठीवर 'ॲलर्जी नाही' असं लिहिलं गेलं आणि ती चिठ्ठी दात घडवणाऱ्या लॅबमध्ये गेली. तिथल्या कारागिराने निकेलचा मिश्रधातू निवडला. तो कडक असतो, बारीक घडवला तरी चावताना वाकत नाही. आधी मेणात मला कोरलं, मग धातूत ओतलं, वरून दातासारखा पांढरा थर भाजला. आतल्या बाजूने मात्र मी उघडा धातूच राहिलो. "दगड फोडा याने," कारागीर म्हणाला. मी फुशारलो.

दोन महिन्यांत माझ्याभोवतीची हिरडी लाल झाली. काकूंनी तिखट सोडलं. पुढे उजव्या बाजूने चावणंही सोडलं. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणत, "काकू, दात नीट घासत नाही तुम्ही." काकू बिचाऱ्या दिवसातून चारदा घासत. दोष माझा, बोलणी त्यांना. मला सांगता येत नव्हतं.

सात वर्षांनी काकू स्वतःच लॅबमध्ये गेल्या. "जरा घासून बारीक करा हो याला."

कारागिराची नजर त्यांच्या मोकळ्या कानांवर गेली. "कानात काही घालत नाही?"

"खोटं घातलं की चिघळतात. लहानपणापासून."

"हे डॉक्टरीणबाईंना नाही सांगितलंत?"

"दाताच्या डॉक्टरला कानाचं गाऱ्हाणं कशाला सांगू?"

तो हसला नाही. त्याने स्टूल ओढून काकूंना बसवलं. "त्या कानातल्यांत बहुतेक निकेल असतं, काकू. तेच मी तुमच्या तोंडात बसवलंय. मी विचारायला हवं होतं."

काकू म्हणाल्या, "म्हणजे मी दात नीट घासत होते तर."

त्वचेच्या तपासणीत तेच निघालं. मला काढलं. सोनं आणि पॅलॅडियमच्या मिश्रधातूचा, जरा जाड असा नवा ब्रिज बसला आणि महिन्याभरात हिरडी निवळली. मी कारागिराच्या खणात पडून आहे.

मित्रांनो, दुसऱ्या कुणाच्या तोंडात मी सुखाने नांदलो असतो. म्हणून धातू निवडण्याआधी माणसाला नीट विचारा. तुम्हाला कुणी विचारलं, तर क्षुल्लक वाटेल तेही सांगा.

नवा ब्रिज काकूंना पाचच महिने लाभला. मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, काकू हृदयविकाराने वारल्या; त्यात दातांचा काही दोष नव्हता.