सात किलोंच्या नियमात तेरा किलोंची मी

मी सॅक बोलतेय. पाठीवर अडकवायची, कॅमेरे ठेवायची सॅक. रंगाने राखाडी आहे, पण स्वभावाने तशी नाही.

माझा जन्म एका शिलाई कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मशिनं आणि दिवसभर त्यांचा खडखडाट. माझे पट्टे ज्या बाईने शिवले, तिने एकेका टाक्यावरून पाच पाच वेळा सुई फिरवली. शेजारणीने विचारलं, "अगं, तीनदा पुरे की!" तर ती म्हणाली, "हिच्या पोटात लोकांचा जीव असणार आहे. हिचे पट्टे तुटले तर माझं नाव बदल." त्या बाईचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते बदलायची वेळ मी येऊ दिली नाही.

दुकानातल्या खुंटीवरून मला उचललं ते माझ्या मालकिणीने. ती पक्ष्यांचे फोटो काढते. माझ्या पोटात तिने दोन कॅमेरे, तीन लहान लेन्स, बॅटऱ्या, आणि हातभर लांबीची एक मोठी लेन्स बसवली. ही मोठी लेन्स एकटीच तीन किलोंची. कॅमेऱ्याला ती लावायची की तिला कॅमेरा, हेच कळू नये. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, त्यातला प्रकार. सगळं मिळून माझं वजन भरायचं तेरा किलो, वर दोनशे ग्रॅम.

आणि विमानात हातातल्या बॅगेला परवानगी किती? सात किलो.

आता तुम्ही म्हणाल, मग द्यायचं सामानात टाकून, विमानाच्या पोटात. अहो, तिथे बॅगा कशा फेकतात ते एकदा खिडकीतून बघा. काचेच्या लेन्सचा तिथे भुगा होईल, आणि बॅटऱ्या तर तिथे ठेवूच देत नाहीत. म्हणून मालकीण मला पाठीवरून न्यायची, आणि काउंटरवर असा काही अभिनय करायची की बस! मला एका बोटाने उचलायची, जणू आत कापूस भरलाय. तोंडावर हसू, आणि मानेची शीर टरारून फुगलेली. विमानतळावर मी माणसं खूप पाहिली. वजनकाट्याजवळ आली की ती आपोआप पोट आत घेतात, जसं काही बॅगेच्या ऐवजी त्यांनाच काट्यावर चढायचंय!

अशा दहा-बारा फेऱ्या निभावल्या. मग तो प्रवास आला.

दूरच्या एका बेटावर उभे कडे आहेत. तिथे काळ्या पाठीचे समुद्रपक्षी कड्याच्या बोटभर कपारीत अंडी घालतात. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की, उडता येत नसतानाही, संध्याकाळच्या उजेडात थेट समुद्रात उडी टाकतात. वर्षातून चार-पाच दिवसच हा प्रकार चालतो. मालकिणीचं पहिलं पुस्तक निघणार होतं आणि त्यात एवढाच एक फोटो कमी होता. आदल्या वर्षी धुक्याने घालवला होता. प्रकाशक म्हणाला होता, "या वर्षी नाही जमलं तर आहे त्या फोटोंवर पुस्तक काढू." त्या दिवशी घरी आल्यावर मालकिणीने मला जरा जोरातच जमिनीवर ठेवलं होतं.

ओझी उचलायला तिचा नवरा सोबत जाणार होता. निघायच्या आठ दिवस आधी तो फोनवर बोलत बोलत जिना उतरला, आणि शेवटच्या तीन पायऱ्या एकदमच उतरला. मनगट मोडलं.

"फोन धरायला हात होता, कठडा धरायला नव्हता," त्याची आई म्हणाली.

ही आई म्हणजे माझ्या मालकिणीच्या सासूबाई. चौतीस वर्षं इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. वय एकोणसत्तर, पाठ ताठ, आवाज असा की अनोळखी माणूससुद्धा चटकन उभा राहावा. सुनेच्या कामाला त्या "हिंडणं" म्हणत. "सूनबाई कुठे गेली?" कोणी विचारलं, की "हिंडायला गेलीय," एवढंच उत्तर. भांडण कधी नव्हतं, पण सुनेच्या फोटोंकडे त्यांनी कधी धड पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी सून सामानाची यादी पुन्हा पुन्हा वाचत होती. सासूबाईंनी विचारलं, "ओझं उचलायला कोणी मिळालं नाही तर काय होईल?"

"एकटीच जाईन, आई. पण दोन माणसांचं सामान आहे. त्याच्या बॅगेत लॅपटॉप, डिस्क, चार्जर, पावसाची आवरणं. तीही मोजून सात किलोंची. आणि ही सॅक तेराची. एकटीला वर न्यायला कोण देणार?"

"मी येते."

"तुम्ही? तुम्ही तर कधी विमानात बसला नाहीत!"

"हजारो बाळं हातावर घेतलीयत मी. तुझी ती नळकांडी नाही सांभाळता येणार? तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून आपल्या यजमानांचा जुना ओव्हरकोट काढला. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि कोट नुसता टांगलेला होता. तो उलटा करून त्यांनी आतून जाड कापडाचे खिसे शिवायला घेतले. प्रत्येक लेन्स पेन्सिलीने कापडावर आखून, मापात. चौदा खिसे झाले. मी कोपऱ्यातून बघत होते. खरं सांगते, टाके बघून मला माझ्या कारखान्यातली बाई आठवली.

निघायच्या दिवशी काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने मला काट्यावर ठेवायला सांगितलं. आकडा आला तेरा पूर्णांक दोन. एका बोटाचा अभिनय वाया गेला.

"मॅडम, सातच चालतात. हे सामानात टाकावं लागेल."

मालकिणीचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र हातातली लॅपटॉपची बॅग खाली ठेवून शांतपणे पुढे आल्या. "पोरी, अंगातल्या कोटाचं वजन धरतात का गं?"

"नाही आजी, अंगावरच्या कपड्यांचं नाही धरत."

"बरं." असं म्हणून त्यांनी माझी चेन उघडली आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक वस्तू खिशात घालायला सुरुवात केली. एक कॅमेरा डावीकडे, लहान लेन्स उजवीकडे, बॅटऱ्या छातीशी. काही लपवाछपवी नाही, घाई नाही. जणू ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर अवजारं मांडतायत. रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. सासूबाई रुंदीला दुप्पट झाल्या. मी पुन्हा काट्यावर. सहा पूर्णांक सात.

मुलीने माझ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. "आजी, चालता येईल ना तुम्हाला?"

"नववा महिना लागलेल्या बायका कशा चालतात ते बघितलंय मी. येईल."

मुलीने माझ्या पट्ट्याला केबिनची चिठ्ठी बांधली. मालकिणीचा जीव भांड्यात पडला.

पण सुरक्षा तपासणीत कोट काढावा लागतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मशीनच्या पडद्यावर कोटाचं चित्र दिसताच तिथला जवान खुर्चीतून अर्धा उठला. मग चौदाही खिसे रिकामे करायची वेळ आली. नऊ ट्रे लागले. मागच्या रांगेचा सूर चढत गेला. जवानाने एक लेन्स उचलली तर सासूबाई गरजल्या, "मानेखाली हात लावून धर!" त्याने खरोखरच दोन्ही हातांनी, बाळासारखी धरली. आणि सगळं तपासून झाल्यावर खिसे भरायलाही त्याने मदत केली.

पहिलं विमान मोठं होतं. मी वरच्या कप्प्यात बसले आणि सासूबाई खिडकीशी. विमान सुटलं तेव्हा त्यांनी सुनेचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांवर वळ उठले. 

दुसरं विमान आलं आणि मालकीण जागच्या जागी थांबली. चाळीस जणांचं पिटुकलं विमान! शिडीपाशी उभा कर्मचारी प्रत्येक मोठ्या बॅगेला चिठ्ठी लावून खाली पाठवत होता. "वर जागाच नाही. हीसुद्धा खाली जाईल," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"यात लेन्स आहे हो! फुटेल!" मालकिणीने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. "दोन वर्षं थांबलेय मी यासाठी."

"मॅडम, मी काय करू? कप्प्यात ही सॅक मावत नाही."

"सॅक मावत नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. "मग सॅक घेऊन जा. आतलं आम्ही ठेवतो."

आणि माझं पोट रिकामं झालं. उरलेला कॅमेरा सुनेच्या गळ्यात गेला. मोठी लेन्स कुठल्याच खिशात मावेना, तेव्हा सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढून तिला गुंडाळली आणि हाताच्या घडीत घेतली. कर्मचाऱ्याने वाकून विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"बाळ नाही, भिंग आहे. खोटं कशाला बोलू? कुठे ठेवायचं ते सांग."

"पुढच्या सीटखाली ठेवा," तो हसत म्हणाला, "आणि पाय जपून."

पुढचं मी पाहिलं नाही. मी खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा रिकामी. मनाला लागलंच जरा. ओझं वाहणाऱ्याचं ओझं काढून घेतलं की त्याला हलकं वाटत नाही, उपटल्यासारखं वाटतं. त्यातच कुठेतरी माझी चिठ्ठी फाटली, आणि मी भलत्याच गाडीवर, भलत्याच विमानात, भलत्याच गावी पोचले.

तिथे एका मोठ्या खोलीत हरवलेलं सामान ठेवतात. माझ्या डावीकडे एक सेलो, म्हणजे माणसाएवढं तंतुवाद्य, उजवीकडे लहान मुलाची तीनचाकी. सांभाळणारा कारकून मोठा प्रेमळ. रोज सकाळी आत आला की "कसे आहात सगळे?" विचारायचा. त्याने माझा कप्पा न् कप्पा चाचपला, तेव्हा एका बारीक खिशात मालकिणीचं कार्ड निघालं. त्याने फोन लावला. मला तिचा आवाज ऐकू आला आणि मी चकित झाले. ती मोठमोठ्याने हसत होती! मी हरवलेय, आणि ही हसतेय?

सहाव्या दिवशी एका गाडीने मला बेटावरच्या पाहुण्यांच्या घरी आणून सोडलं. आत बघते तर काय! लेन्स स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टॉवेलांच्या घड्यांत झोपलेल्या. कोट दाराशी वाळत घातलेला, मीठ आणि चिखलाने पांढराकाळा झालेला. आणि सासूबाई फोनवर मुलाशी बोलत होत्या. त्यातूनच मला सगळं कळलं, मालकीण का हसत होती तेसुद्धा.

पिल्लांनी उड्या घेतल्या त्या तिसऱ्या दिवशी, अंदाजापेक्षा लवकर. सामान माझ्याबरोबर गेलं असतं तर सगळा खेळ तिथेच संपला होता. त्या संध्याकाळी दोघी कड्यासमोर ओल्या गवतात पालथ्या पडल्या होत्या. सून कॅमेऱ्याला डोळा लावून, आणि सासूबाई दुर्बीण घेऊन कपारी न्याहाळत. तीन तास काही नाही. मग सासूबाईंना एक पिल्लू कडेशी येताना दिसलं. पुढे आलं, मागे गेलं, पुन्हा पुढे. खाली पाण्यावरून त्याचा बाप हाका मारत होता.

"वरून तिसरी कपार, डावीकडे," त्या पुटपुटल्या. "थांब... अजून नाही... अजून नाही... आता! आलं!"

सुनेने बटण दाबलं. फोटोत ते मूठभर पिल्लू हवेत आहे, चिमुकले पंख ताणलेले, आणि खाली बाप चोच वर करून बघतोय.

"अरे, मला कळतं ना ते," सासूबाई फोनवर मुलाला सांगत होत्या. "चौतीस वर्षं तेच केलंय. कधी थांबायचं आणि कधी नाही, एवढंच तर काम असतं. आणि हे बघ, तुझी बायको हिंडत नाही. काम करते. पाठ मोडते त्यात. फोन ठेव आता, आम्हाला कड्यावर जायचंय."

सून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे झाली आणि सासूबाईंच्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसली. सासूबाईंनी पाय मागे घेतला नाही.

पुस्तक निघालं. ते पिल्लू मुखपृष्ठावर आहे. आतल्या पानावर साहाय्यक म्हणून सासूबाईंचं नाव छापलंय, आणि घरी येईल त्याला त्या आधी ते पान दाखवतात, मग मुखपृष्ठ.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझं अस्तर विरलं, एक चेन अडकते, आतले कप्पे सैल पडले. मालकिणीने नवी सॅक आणली. अडगळीत जायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ती मला दे."

समुद्रापलीकडे त्यांची एक धाकटी बहीण राहते. अकरा वर्षांत दोघींची भेट नाही. बहिणीने तीनदा बोलावलं, आणि ह्यांनी तीनदा गुडघ्यांची सबब सांगितली. गुडघे बिचारे ठणठणीत होते, भीती विमानाची होती. यंदा त्यांनी स्वतःच फोन केला, "येतेय गं मी. एकटीच."

तर सध्या मी विमानात आहे. माझ्या पोटात लोकरीचे दोन स्वेटर, चष्मा, गोळ्यांची डबी आणि बहिणीसाठी ते पुस्तक. मालकिणीला माझी सवय होती, आता सासूबाईंना झालीय. मघाशी एक उंच तरुण म्हणाला, "आजी, द्या, मी वर ठेवतो." त्या म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, माझी मी ठेवते," आणि टाचा उंचावून एका दमात मला वर सरकवलं.

तुम्हाला एकच विनवणी. घरात एखादी जुनी सॅक पडली असेल तर तिला रिकामी ठेवू नका. पांघरुणं भरा, कांदे-बटाटे भरा, काहीही भरा; पण काहीतरी भरा.

बरं, कोणीतरी आपली टोपी माझ्यावर ठेवली. खाली सासूबाई शेजारणीला सांगतायत, "घाबरू नकोस, माझा हात धर." वरचं झाकण लागतंय. येते मी.