उजव्या कानातलं बोलणं

बुधवारी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी श्रुतिका धुरीच्या खुर्चीचं चाक इयरफोनच्या वायरवरून गेलं. पिनेपासून वीतभर अंतरावर वायर चेपली आणि आतल्या तारा तुटल्या. अकरा वाजता तिची ऑनलाइन चाचणी होती.

रेकॉर्ड केलेली मराठी संभाषणं ऐकून ती शब्दशः टाइप करायची, असं काम. घरी बसून, महिन्याच्या पगारावर. श्रुतिका चौतीस वर्षांची. अंधेरीतल्या एका ऑफिसात ती सहा वर्षं हेच करत होती. तिथला मराठी विभाग आठ महिन्यांपूर्वी बंद झाला. त्यानंतरची ही चौथी चाचणी. यात नापास झालं तर या कंपनीकडे वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. सूचनांमध्ये दोन वाक्यं ठळक होती: इयरफोन वायरचेच हवेत, आणि चाचणी सुरू झाल्यावर ते कानातून काढू नयेत. कॅमेरा पूर्ण वेळ चालू राहणार होता.

एक गोष्ट कंपनीला माहीत नव्हती, घरात मात्र सगळ्यांना माहीत होती. श्रुतिकाचा डावा कान लहानपणी वाहायचा आणि त्याचा पडदा गेलेला होता. माणसाचं बोलणं ती उजव्या कानाने ऐकते. डाव्याने कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं.

तिने अॅपवर शोधलं. तिच्या जुन्या लॅपटॉपला चालतील असे गोल पिनेचे इयरफोन जवळच्या नाहूरच्या दुकानात नव्हते. कांजूरमार्गहून साडेदहा ते अकराच्या मध्ये येतील, असं दिसत होतं. तिने ऑर्डर टाकली. तोवर तिचे वडील बाळा धुरी चष्मा लावून वायर उजेडात धरून बसले होते.

बाळा सदुसष्ट वर्षांचे. वडील गिरणीत, पण ते स्वतः कधी गिरणीत गेले नाहीत. चाळीस वर्षं वायरमन. मुलुंड ते घाटकोपर कितीतरी इमारतींचं वायरिंग त्यांच्या हातचं. आता गुडघ्यांमुळे शिडी बंद आहे. ते म्हणाले की एवढीशी वायर बदलायला अर्धा तास पुष्कळ झाला. त्यांच्या बायकोचं, प्रेमाचं मत वेगळं होतं. मिक्सर दुरुस्तीला घेतला होता तेव्हाही अर्धाच तास सांगितला होता, असं तिने स्वयंपाकघरातून ऐकवलं.

ड्रॉवरमध्ये आणखी एक इयरफोन होता. त्याचे कानाचे तुकडे मेलेले, वायर आणि पीन चांगली. चांगल्या कानांना ही चांगली वायर जोडायची, एवढंच काम. वायर जिथे दोन कानांसाठी दुभंगते तिथे बाळांनी दोन्ही कापल्या. आत केसासारख्या तारा निघाल्या. श्रुतिकाच्या इयरफोनमध्ये डाव्या कानाची निळी, उजव्याची लाल आणि दोन्हीकडे एकेक तांब्याच्या रंगाची. ड्रॉवरमधल्या वायरीत लाल, हिरवी आणि तांब्याच्या रंगाची.

चाकूने त्यांचं लाखेचं आवरण निघेना. तारा तुटू लागल्या. शेवटी काडी पेटवून टोकं जाळली, पुसली आणि कथलाचा डाग द्यायला घेतला. दोन वेळा सांधा सुटला. श्रुतिका आंघोळीला जाऊन आली, केस पुसत दोनदा डोकावली.

लाल लालला गेली. दोन कानांच्या दोन तांब्याच्या तारा म्हणजे सामाईक परतीची वाट, हे त्यांना बरोबर कळलं. ती अर्थिंगसारखी. अर्थिंग हिरवी. दोन्ही तारा पिळून त्यांनी हिरवीला जोडल्या. उरलेली निळी उरलेल्या तांब्याच्या तारेला. वर काळी पट्टी.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पीन आपल्या फोनला लावली आणि एक भजन सुरू केलं. डाव्या कानात बुवा स्वच्छ गात होता. उजव्यात झांज होती, तबल्याची कडा होती, बुवा नव्हता. त्यांनी आवाज वाढवला. तरी नव्हता. त्यांनी इयरफोन काढले, पुसले आणि श्रुतिकाला दिले.

"झाला गो. बघ."

तिने एक जुनं गाणं लावलं. सुरुवातीचं संगीत उजव्या कानात आलं. दहा सेकंदांनी तिने बंद केलं आणि अॅपवरची ऑर्डर रद्द केली. चाचणी चालू असताना दाराची बेल वाजायला नको होती. मागच्या वेळी एका कुरियरवाल्यामुळे तिला समज मिळाली होती.

अकरा वाजता आधी यंत्राची तपासणी झाली. एक आकडा डाव्या कानात, एक उजव्या कानात. तिला दोन्ही ऐकू आले. अकरा वाजून चार मिनिटांनी पहिलं संभाषण सुरू झालं आणि उजवा कान रिकामा राहिला. डाव्यात कोणीतरी बोलत होतं. तिने आवाज पूर्ण वाढवला. "पाणी" आणि "सोमवार" हे दोन शब्द लागले.

पाच मिनिटं तिने तशीच काढली. मग डाव्या कानातला तुकडा काढून उजव्या कानात घातला. शब्द आले. पाठोपाठ स्क्रीनवर लाल ओळ आली: इयरफोन काढल्याची नोंद झाली आहे. पुढची चार संभाषणं तिने त्या एका तुकड्यावर टाइप केली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि खुर्चीत बसून राहिली. प्रेमाने ताट वाढू का विचारलं. तिने मान हलवली, पण ते हो की नाही हे कळण्यासारखं नव्हतं. मग तिने वडिलांना विचारलं.

"बाबा, उजव्यात म्युझिक येतंय, बोलणं येत नाही. तुम्ही ऐकून बघितलं होतं ना?"

"बघितलंय."

"मग?"

बाळांनी चष्मा काढला.

"माका वाटला, माझोच कान."

जानेवारीत मंडळाच्या आरोग्य शिबिरात त्यांचे कान तपासले होते. उजवा बराच उतरलाय, मशीन लावून घ्या, असं तिथल्या मुलीने सांगितलं होतं. तपासणीचा कागद त्यांनी घरी आणला नाही. प्रेमा दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे जानेवारीपासून मी ओरडते ते तुम्हाला ऐकूच येत नाही," ती म्हणाली. "आणि मी समजतेय माणूस आगाऊ झालाय."

बाळांनी पट्टी सोडली, एकेक तार पुन्हा तपासली. या वायरीत हिरवी डाव्या कानाची होती. परतीची वाट तांब्याची होती. उजव्या कानाला डाव्याचा आवाजही उलटा मिळत होता, म्हणून दोन्हीकडे सारखाच असलेला आवाज उजव्यात आपोआप खोडला जात होता, आणि बोलणं नेमकं तसंच असतं. त्यांनी ते श्रुतिकाला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की कंपनीला लिहायला उपयोगी पडेल.

दुपारी तिने मेल लिहिला. सांध्याचा फोटो जोडला. डाव्या कानाबद्दल लिहावं का, यावर ती बराच वेळ थांबली. ऐकण्याच्या कामाला अर्ज करताना एक कान निकामी आहे हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. बाळा म्हणाले, चूक माझी आहे, माझ्या नावाने लिही. तिने वडिलांची चूक लिहिली, कानाचं वाक्य लिहिलं, काढलं, पुन्हा लिहिलं आणि चार वाजता मेल पाठवला.

गुरुवारी मेल मिळाल्याचं ठरावीक उत्तर आलं. शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता पोर्टलवर तिच्या नावापुढे गुण दिसले: ब्याऐंशी. पात्रतेला ऐंशी लागतात. त्याखाली एक ओळ होती: निर्णय राखून ठेवला आहे.