दक्षिणेकडे पाय

समृद्धी अडीच महिन्यांची झाली तरी माझं प्रेशर उतरेना. तिला पाजायला घेतलं की दूध यायचं, बाकी आतून काही यायचं नाही. तिच्या टाळूचा वास घ्यायचे आणि वाटायचं, कुणाचं तरी बाळ आहे हे.

येडगावच्या उपकेंद्रातल्या शीला सिस्टर म्हणाल्या, "गोळी चालू ठेव. आणि रोज वीस मिनिटं शवासनात पड, श्वास सावकाश सोड. महिन्यानं मोजू. एकशे साठच राहिलं तर ॲडमिट व्हावं लागेल, बाळाला घरी ठेवून."

सासरी वीस मिनिटं कुठून आणायची? थ्री फेज लाईट आली की हे आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कांद्याला पाणी धरायला मळ्यात जायचे. मोटारीचा आवाज आला, की मी समृद्धीला झोळीत घालून आडवी व्हायचे. खोलीत बाजरीच्या गोण्या रचलेल्या. भिंतीलगत जेमतेम जागा, तीही अशी की पाय दक्षिणेकडंच व्हायचे.

एक दिवस लाईट मध्येच गेली. आत्याबाईंची पावलं मला ऐकू आली.

"वृषाली?"

ओ द्यावीशी वाटली नाही.

मग नाकाखाली ओल्या मातीची बोटं आली. त्यांची लेक मंगल बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी गेली, प्रेशर वाढूनच. मी डोळे उघडले.

"मेल्यागत काय पडतीस गं? आन पाय बी दक्षिणेला. ऊठ, भाकरी टाकायच्यात."

दुसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली तरी आत्याबाई मळ्यात गेल्या नाहीत. एकट्याच गोण्या ओढत होत्या.

"आत्याबाई, कंबर धरंल."

"तू गप. आता पड, डोकं उगवतीला कर."

त्या झोळीची दोरी हलवत बसल्या. हलवता हलवता म्हणाल्या, "मंगल बी म्हनायची, आई, जरा आंग टाकते. म्या म्हनायची, जगात तूच येकटी बाळंतीण हाईस व्हय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी श्वास सोडत राहिले आणि दोरी करकरत राहिली.

महिन्यानं सिस्टरांनी पट्टा सोडला. "एकशे चौतीस."

"म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"उतरलंय, मावशी."

आत्याबाई तिथंच पायरीवर बसल्या. "उद्यापासनं अर्धा तास पड," म्हणाल्या आणि समृद्धीला माझ्याकडं दिलं.

तिचं डोकं माझ्या मनगटावर जड लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लागलं.